पाहुण्याला भाकरी कशी द्यायची

आमच्या कॉलेजचा जपानमधल्या एका विद्यापीठाशी करार झाला. दोन देशांचे संबंध दृढ करणे, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. ते दृढ करायला एक तरुण संशोधक आला. नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांत लोक रोज घरी काय खातात, हा त्याचा विषय. मराठी तो शिकूनच आला होता. मी भूगोल शिकवतो आणि माझं गाव त्याच भागातलं, म्हणून पाहुणा माझ्या गळ्यात पडला.

पहिल्या घरी त्याच्यापुढे नूडल्स आल्या. दुसऱ्या घरीही. तो चीनचा नव्हे, जपानचा, असं मी समजावून सांगितलं. तिसऱ्या घरी नूडल्समध्ये गाजर पडलं. शाल-नारळ सगळीकडे मिळाला. बाजरीची भाकरी मात्र कोणी त्याच्या दृष्टीसही पडू दिली नाही.

"सर, असंच चाललं तर मी प्रबंधात काय लिहू?" त्यानं विचारलं.

"नूडल्स," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याची पदवी भाकरीवर अडली होती.

मी माझ्या अम्माला गळ घातली. ती भडकली. "इतक्या लांबनं आलेल्या पाव्हन्याला कोरडी भाकर घालू व्हय? लोक शेन घालतील माझ्या तोंडात." तिनं शिरखुर्मा केला. ईद लांब होती. तो निमूट दोन वाट्या खाऊन उठला.

पुढच्याच पंधरवड्यात अम्मा झोपेत गेली.

आमच्यात मय्यतीच्या घरी चूल पेटवत नाहीत. कब्रस्तानातून परतलो तेव्हा शेजारच्या मावशी भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या होत्या. ओळीनं बसलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्यांनी भाकरी ठेवली. पाहुणाही त्या ओळीत होता. त्याच्याही हातावर ठेवली. चालेल का, तिखट लागेल का, कोणी विचारलं नाही. मला अम्माचा भयंकर राग आला. हट्टी बाई. एकदा आपल्या हातची घातली असती तर काय बिघडलं असतं?

"दोन घास खा रं लेकरा," मावशी मला म्हणाल्या. मला घास जाईना. तेव्हा पाहुण्यानं आपली भाकरी मोडली, तुकडा पिठल्याला लावला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"आधी तुम्ही," मी म्हणालो. सवयच ती.

त्यानं हात मागे घेतला नाही. मी तोंड उघडलं, आणि सकाळपासून अडलेलं रडू तेव्हा फुटलं.