तारा टाळून काढलेला फोटो

बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या घरी आज कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली आणि कच्छच्या धुळीचा वास आला. रिफायनरीतून निवृत्त झालेले मामा आणि मी इथून तिकडे माळढोक बघायला गेलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली.

सकाळी गवतातून एक मादी चालत पुढे आली. मी टेलिफोटो लेन्स रोखली.

"थांब, मागे विजेच्या तारा येताहेत," मामा म्हणाले.

"तोवर उडाली तर?"

"आत्ता काढलास तर फोटोत लाइटबिल दिसेल!"

ती उडालीच. एवढा जड पक्षी, आणि थेट तारांच्या दिशेने. मामांची दुर्बीण खाली आली. "उपर, बेन, उपर," ते गुजरातीत पुटपुटत राहिले. अगदी जवळ गेल्यावर ती एका पंखावर कलली आणि तारांखालून निसटली. पलीकडे मोकळं आकाश आलं, तेव्हा मी बटण दाबलं.

तो फोटो दिवाणखान्यात आहे. पाहुणे आकाशाचं कौतुक करतात. माळढोक आता कच्छमध्ये क्वचितच दिसतो. तारांना धडकून मेलेल्या पक्ष्यांच्या बातम्या आमच्या वर्तमानपत्रात मीच संपादित केल्या. सोबत छापायला तारांजवळचा माळढोक हवा होता. मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येकात आकाश मोकळं आहे.