शेंगदाण्यावरची पोपटी भुकटी

येळ अमावस्येच्या आदल्या सकाळी रेणापूरला थोरल्या जाऊबाईंकडे पोचले. दुसऱ्या दिवशीच्या शेतातल्या पूजेच्या जेवणाची यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं: शेंगापोळी, गूळ-दाण्याचं सारण भरलेली. पुतणी सातव्या महिन्यात माहेरी आलेली, तिला दुसरं काही नकोच होतं.

जाऊबाईंनी दाण्यांचा प्लास्टिकचा डबा पुढे सरकवला. झाकण काढताच कुबट वास आला. दाण्यांच्या टोकाशी पिवळट-हिरवी भुकटी.

लातूरला तेलबियांचे नमुने तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली. ही ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. नाव भारदस्त, रंग देखणा आणि धंदा भुरट्याचा. कडक वाळलेल्या, अखंड सालाच्या दाण्यापुढे हिचं फारसं काही चालत नाही. ओल, ऊब आणि फुटकं साल मिळालं की मात्र घरजावयासारखी ठाण मांडते. फुकटचं खाते ते खातेच, वर दाण्यात यकृत नासवणारं विष सोडून ठेवते. कढईत स्वतः मरते. विष बरंचसं मागे राहतं.

ओल आली कुठून, ते विचारलं. शेंगा फोडताना बोटं सोलतात म्हणून पंधरवड्यापूर्वी, फोडायच्या आदल्या दिवशी, पाणी शिंपडलं होतं, असं जाऊबाईंनी सांगितलं. टरफल नरम पडतं, दाणा अख्खा निघतो. आमच्याकडे सगळ्याच करतात. दाणे परत उन्हात घालायला मात्र कुणालाच सवड नसते. थेट डब्यात, वर घट्ट झाकण. त्या भुरट्या बुरशीची याहून चांगली बडदास्त मलाही जमली नसती.

"पुसून घेते की. भाजल्यावर समदं मरतंय," जाऊबाई म्हणाल्या.

"बुरशी मरती अक्का, विष न्हाई."

"लई शिकलीस. मग म्हशीला घालते."

"घाला. विष दुधात उतरतंय. दूध कोण पितंय?"

त्यांनी ओसरीकडे पाहिलं. पुतणी पेला तोंडाला लावून बसली होती.

जाऊबाई कुदळ घेऊन गोठ्यामागे गेल्या, खड्डा खणला, डबा पालथा केला आणि वर माती ओढून पायानं दाबली.

पोळ्या तिळाच्या झाल्या. शेंगाचीच बरी लागते, म्हणून पुतणीनं नाक मुरडलं. जाऊबाईंनी तिच्या ताटात आणखी एक टाकली.

"गुमान खा."