आईची चटई आणि पुण्याचं नाटक

मंडळी, जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत आईला घेऊन पुण्याला नाटक बघायचं, असं मनात होतं. आज सकाळी भंडाऱ्याहून गावी बपेऱ्याला तिला विचारायलाच गेले. बाबा वारल्यापासून तिने नाटकाचं नावच टाकलंय. दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्यातलंही बघत नाही.

"मी नाही येत," म्हणाली. मग हळूच, "तिथं आपली चटई कोन टाकन?"

आमच्याकडे रात्रभराच्या नाटकाला दुपारीच मंडपात चटई टाकून जागा धरतात. आमच्या घरी ते काम बाबांचं.

मी मोबाईलवर खुर्च्यांचा नकाशा दाखवला. "आई, बोट ठेव, जागा आपली."

तिने चष्मा लावून चौथ्या रांगेत बोट टेकवलं. "ह्या दोन धर. पन समोर उंच मानूस बसला त?"

"बसू दे. अडीच तासांचंच तर आहे."

"अडीच तासांत सरते?" आई भडकली. "मंग एवढ्या दूर कायले जाचं? दुसऱ्या दिवशीचंबी तिकीट काढ!"

काढलं!

निघायला अजून महिना आहे, पण आईने पिशवी भरायला घेतलीय. सगळ्यात आधी आत गेली बाबांची चटई.

पुणेकरांनो, नाट्यगृहात चटई नेऊ देतात ना?