नळाखाली धुतलेली लेन्स

माझी नऊ वर्षांची सई रात्री डोळ्यांत लेन्स घालून झोपते. सकाळी त्या काढल्या की दिवसभर तिला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. नंबर भराभर वाढू नये, म्हणून डॉक्टरांनी दिल्या आहेत.

परवा सकाळी मी चहा गाळत होते, तेव्हा सई बेसिनपाशी उभी राहून लेन्स चक्क नळाखाली धूत होती. मी गाळणं तसंच टाकून धावले.

"सई, काय करतेस हे?"

"धुवायचं औषध संपलंय ना. दोन दिवस पाण्यानंच धुतेय."

नळाच्या पाण्यातल्या जंतूंनी नजर जाऊ शकते, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. सई घाबरेल, म्हणून मी तिला ते सांगितलंच नव्हतं. मुलांच्या भल्यासाठी म्हणून आपण किती सहज गप्प बसतो.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. "डोळे ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण या लेन्स आता टाकून द्या."

परतताना रिक्षात सईच्या हातात जुना चष्मा होता; नव्या लेन्स येईपर्यंत तोच लावायचा होता. नळाच्या पाण्याबद्दल डॉक्टरांनी बजावलेलं मी तिला अखेर सांगितलं. ते ऐकून ती शांतपणे म्हणाली,

"आई, आणखी काय काय सांगितलं नाहीयेस मला?"