हयातीचा दाखला

मे महिन्यात नागपूरची पहाट गार होतच नाही, नुसती अंधारी असते. त्या दिवशीही पाचच्या सुमारास भिंतीला हात लावला तर कालच्या उन्हानं ती कोमटच होती. इंदोऱ्याच्या त्या गल्लीत नळ पाचला यायचा आणि तासाभरात जायचा, म्हणून अंजनाबाई गजभिये साडेचारलाच गुंड, बादल्या ओळीनं मांडून नळापाशी बसत. पाणी भरलं, अंगण शिंपलं, की खाटेवर धुवट लुगडं अंथरायचं आणि ऊन चढायच्या आत कुरड्या घालून मोकळं व्हायचं. यंदा चीक दुप्पट शिजवला होता. अर्ध्या कुरड्या घरच्या, अर्ध्या विलायतेला न्यायच्या.

"विलायतेतले लोक तळून देतील काय वं तुले?" शेजारच्या सिंधूताईनं कुंपणावरून विचारलं.

"ते कायले तळतील? मी तळीन ना," अंजनाबाई साचा फिरवत म्हणाल्या. "शामलाले डोहाळे लागले आहेत."

शामला ही त्यांची एकुलती एक लेक. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्या गर्दीत अंजनाबाई सात महिन्यांचं पोट घेऊन उभ्या होत्या, त्या पोटात शामला होती. पोर चार वर्षांची असताना गिरणीत कामाला असलेला नवरा गेला. पुढं पोर नर्स झाली, इंग्लंडात लीड्सला गेली, तिकडंच संसाराला लागली. लग्नानंतर सहा वर्षांनी आता तिला दिवस गेले होते. तिनं लिहिलं होतं, आई, तू हजारो बायांची जचकी केली, माझ्या वेळेस तूच नसशील तर कसं? सप्टेंबरात तारीख आहे. आता कायमचीच ये, फॉर्म पाठवून राहिली आहे.

हजारो ही काही लेकीची बढाई नव्हती. महापालिकेच्या जचकीच्या दवाखान्यात अंजनाबाई आया म्हणून लागल्या, दाईचं शिक्षण घेतलं आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झाल्या. जन्माचं रजिस्टर त्या स्वतः भरत. मिनिटाचा फरक चालायचा नाही. एकदा लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी नातवाची जन्मवेळ बारा मिनिटं पुढं लिहून घ्यायला आला होता, ज्योतिषानं सांगितलं म्हणून. हातात मिठाईचा डबा होता. अंजनाबाईंनी डबा परत दिला आणि म्हणाल्या, "शेठजी, पोट्टं आलं तवा आलं. आता त्याले परत आत कसं घालू?"

अशा बाईला आता पेन्शन होती. तिच्या माहेरी-सासरी सगळ्यांची चूल हात हलले तरच पेटायची. आईनं तर मरायच्या आदल्या दिवशीही दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं होतं. घरी बसून, आपल्या नावानं, दर महिन्याला पैसा घेणारी अंजनाबाई ही त्या खानदानातली पहिली. पेन्शन आणायला जाताना त्या पांढरं पातळ नेसत, इस्त्री केलेलं.

फॉर्म घेऊन त्या कलेक्टर कचेरीसमोर गेल्या. तिथं कडुलिंबाखाली मधुसूदन टाइपरायटर मांडून बसायचा. तोही इंदोऱ्याचाच.

"मावशी, यात दोन रस्ते आहेत," कागद उलटसुलट करत तो म्हणाला. "पहिला, निवृत्त माणूस, सोताच्या उत्पन्नावर तिथं राहणारा. तिथं काम करायचं नाही, कोणाजवळ हात पसरायचा नाही."

"मंग तोच. मले पेन्शन आहे."

"किती?"

"पाचशे बारा. महागाई धरून." हा आकडा सांगताना अंजनाबाईंची मान आपोआप ताठ व्हायची.

मधुसूदननं चष्मा काढून पुसला. "मावशी, ते लोक वर्षाचं लाखांत मागून राहिले. आपल्या कलेक्टरलेही जमणार नाही."

घरून निघताना अंजनाबाईंनी सिंधूताईला सांगितलं होतं, उत्पन्नाचा दाखला मागतात ना, आहे माझ्याजवळ.

"दुसरा रस्ता सोपा आहे. विधवा आई, लेकीच्या भरवशावर." त्यानं कागद लावला आणि खडखड टाइप करून दिलं. "इथं सही मारा."

बत्तीस वर्षं दवाखान्याचे कागद हाताळल्यानं अंजनाबाईंना इंग्रजी अक्षरं लागायची. एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय लिहलं? डिपेंडंट?"

"हाव. आश्रित."

हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. रेल्वेवाल्यांच्या बायका यायच्या तेव्हा रजिस्टरात त्यांच्या नावापुढं हाच शब्द पडायचा. त्यात कमीपणा नव्हता, ते खरंच होतं. पण आपल्या नावापुढं?

"मी कोणाची आश्रित गा?"

"कोणाचीच नाही मावशी. नुसता कागद आहे. सगळेच मारतात सही."

"शामलाले मी शिकवलं. तिनं पैसे धाडले तर मी ते तिच्याच नावानं पोस्टात टाकते. अन् तू लिहून राहिला की ती मले पोसते."

"मंग तुमाले जायचंच नाही काय?"

जायचं तर होतंच. लेकीच्या कळा सुरू होतील तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी हात तिच्या कपाळावर असेल, या विचारानं रात्री डोळा लागत नव्हता. तरी त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. "मधुसूदन, तू पायाळू होता. पाहटेचे तीन चाळीस. तुह्या मायनं साडेतीन सांगितलं, तरी म्या तीन चाळीसच लिहलं. आता या वयात मी खोटं लिहू काय?"

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. सिंधूताई तर घरातच येऊन बसली. "एका शब्दापाई लेकीची जचकी सोडतं काय वं? भल्ली ताठ्याची आहेस."

"हाव, आहे."

"ताठा घेऊन बस मंग. कुरड्याही तूच खाय."

दोन दिवसांनी अंजनाबाईंनी वाळलेल्या कुरड्या डब्यात भरल्या आणि डबा ठेवायला लोखंडी पेटी उघडली. पेटीच्या तळाशी पेन्शनचे कागद होते. त्यात मागल्या नोव्हेंबरची, हयातीच्या दाखल्याची पोच हाताला लागली. पेन्शन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरात, वीस तारखेच्या आत, कचेरीत स्वतः जाऊन कारकुनापुढं उभं राहायचं. तो तोंड पाहतो, सही घेतो आणि लिहितो की अमुक व्यक्ती आज रोजी हयात आहे. न गेलं की डिसेंबरपासून पेन्शन बंद. मेला असं समजायचं. दरवर्षी कारकून विचारायचा, "काय बाई, जित्या ना?" आणि त्या म्हणायच्या, "तुह्यापेक्षा जास्त."

ती पोच त्यांनी पिशवीत टाकली. मग पांढरं पातळ नेसल्या आणि कडुलिंबाखाली गेल्या.

"मधुसूदन, कायमचं राहायचं नसलं तर?"

"तर पावण्यांचा फॉर्म. तीन-चार महिने. पण मावशी, तिथं ते एकच गोष्ट विचारतात, परत कशावरून येशील? वावर दाखव, घर दाखव, धंदा दाखव. तुमच्याजवळ काय आहे?"

अंजनाबाईंनी पोच टाइपरायटरवर ठेवली. "हे लाव. अन् खाली लिही. उत्पन्न पाचशे बारा, माझं सोताचं. नोव्हेंबरात मले हजर व्हा लागते."

मधुसूदननं पोच वाचली, पुन्हा वाचली. मग मागं टेकून हसायला लागला. "म्या पंधरा वर्षांत अशी पुरवणी जोडली नाही."

"मंग आता जोड. अन् आश्रितवाला कागद फाड माझ्यासमोर."

जूनच्या शेवटी मुंबईला बोलावणं आलं. व्हिसाच्या कचेरीत काचेमागं गोरा साहेब होता आणि बाजूला मराठी समजावून सांगणारी एक मुलगी. अंजनाबाईंचं 'मले-तुले' ऐकून ती आधी गालात हसली, मग सावरून बसली. साहेबानं कागद चाळले. त्यानं विचारलं ते मुलीनं मराठीत सांगितलं, "आजी, मुलगी तिथं चांगली कमावते. तुम्हाला सांभाळेल. मग तुम्ही परत कशाला याल?"

"मी तिथंच राहिले, तर इथं मेली म्हणून लिहतील," अंजनाबाई म्हणाल्या.

मुलगी गोंधळली. तेव्हा त्यांनी पोचेकडं बोट दाखवलं आणि नोव्हेंबर, कारकून, हयात, सगळं दवाखान्यात नव्या बाईला समजावून सांगतात तसं सावकाश सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "साहेबाले सांग बाई, बत्तीस वर्षांची कमाई आहे ती. तुमच्या हिशेबात नाही बसत, मले माहीत आहे. पण तिच्यासाठी मी परत येईन. लेकीसाठी जाते, पेन्शनसाठी येते."

मुलीनं हे इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, नीट, अगदी कारकून पाहायचा तसं. मग त्यानं पोच हातात घेऊन तारीख वाचली आणि विचारलं, यंदा कोणत्या तारखेपर्यंत परतायला हवं?

"वीस नोव्हेंबरच्या आत. मी दहालाच येते. तवा कचेरीत गर्दी नसते."

संध्याकाळी पासपोर्ट हातात पडला तेव्हा त्यात शिक्का होता.

मुंबईहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला गल्लीतल्या बाया नळापाशी होत्याच. पाऊस येऊन गेला होता आणि चिखलात बादल्या कलंडत होत्या. सिंधूताईनं पदराला हात पुसून पासपोर्ट मागितला. कंदिलाच्या उजेडात तिनं शिक्क्याचं पान उलटं धरलं, सुलटं धरलं.

"यात आश्रित कुठं लिहलं वं?"

"कुठंच नाही. पाहून घे नीट."

"मले वाचता कुठं येते?"

"म्हणूनच सांगून राहिली. नाही लिहलं."

सिंधूताईनं पान बंद करून पासपोर्ट परत दिला, जरा जपून, दोन्ही हातांनी. "साहेब काय म्हणाला तुले?"

"म्हणाला, नोव्हेंबरात वेळेवर जाजो."

"खरंच?"

"तसं म्हणाला नाही. पण त्याच्या तोंडावर होतं."

बाया हसल्या. कोणी कुरड्या किती नेशील ते विचारलं, कोणी म्हणालं पोरगी झाली तर नाव काय. अंजनाबाईंनी पासपोर्ट पोलक्यात खोचला. तेवढ्यात नळ आधी खोकला, मग फुरफुरला.

"सरका वं, नंबर माझा आहे," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून गुंड नळाखाली लावला.