दोन पाळ्यांचं जाकीट

तर जाकीट एक आणि माणसं दोन, इथवर आलो होतो आपण काल. त्यातलं एक माणूस दाराएवढं आणि दुसरं जेमतेम कडीएवढं. दाराएवढा तो नवरा, मूळचा गवंडी. कडीएवढी ती त्याची बायको. चणीनं लहान आणि जिभेनं तिखट, म्हणून माहेरी सगळे तिला लवंग म्हणत, आणि सासरीही तेच नाव चिकटलं. जाकीट अर्थात नवऱ्याच्या मापाचं. ते घालून लवंग पहिल्यांदा गोदामात शिरली तेव्हा बाह्या गुडघ्यांना लागत होत्या आणि टोपीतून नुसतं नाक दिसत होतं. खोकी मोजणारी आत्याबाई आपल्याच बोलीची, त्या परक्या देशात येऊन केस पिकलेली. ती ओरडली, "अगंबाई, आज जाकीट एकटंच कामाला आलं की काय?"

टोपीच्या आतून उत्तर आलं, "एकटं कसं येईल आत्याबाई? वाटेत चुकेल म्हणून मी सोबत आलेय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. हे गोदाम गोठवलेल्या मालाचं. मटार, मासे, आइस्क्रीम, सगळं आत दगड होऊन पडलेलं. दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. तो बाजूला सारून आत पाऊल टाकलं की पापण्यांवर पांढरी भुकटी बसायची. वर्षाच्या करारावरच्या लोकांना कंपनी जाकीट द्यायची. ठेकेदाराकडून आलेल्यांनी आपापलं आणायचं.

गवंडी तिथं आधीपासून होता. लग्नाला चार वर्षं झाली होती खरी, पण त्यातली तीन त्याची तिकडं आणि तिची सासरी गेलेली. संसार काय तो फोनवर. त्यातही बोलणार लवंग आणि "हं" म्हणणार गवंडी. शेवटी कागदपत्रं झाली, ती गेली, पण जायच्या आधी तिनं बजावलं होतं, "हिवाळाभर राहून बघते. नाही करमलं तर आपली मी परत." त्यावरही तो "हं"च म्हणाला.

म्हणूनच दुसरं जाकीट घेतलं नव्हतं. "एका हिवाळ्यापुरतं एवढं महागाचं कशाला?" असं तीच म्हणाली होती. ठेकेदारानं दोघांना पाळ्याही उलटसुलट दिलेल्या. तो पहाटे जायचा, ती दुपारी. तेव्हा एका जाकिटात भागत होतं. खोली म्हणाल तर एक कॉट, एक खिडकी, आणि तीन बिऱ्हाडांत मिळून एक ओटा. एकाचं ताट दुसऱ्यानं झाकून ठेवायचं, तो उठायचा तेव्हा ती झोपेत आणि ती परतायची तेव्हा तो. उघड्या डोळ्यांनी भेट व्हायची ती गोदामाच्या फाटकापाशी, पाळी बदलताना.

तिथं रोज एक देवाणघेवाण चालायची. गवंडी बाहेर यायचा, अंगातलं जाकीट काढायचा, चेन गळ्यापर्यंत ओढून तिच्या हाती द्यायचा. लवंग खांद्यावरची शाल काढून त्याला द्यायची. आणि मग तो दाराएवढा माणूस फुलाफुलांची गुलाबी शाल पांघरून बसमध्ये चढायचा. समोरची पोरंटोरं फिदीफिदी हसायची. हा खिडकीबाहेर बघत शांत बसायचा.

"अहो, हे जाकीट आहे की भिजलेलं पोतं?" लवंग रोज करवादायची. "केवढा हा घाम! बर्फात काम करता की भट्टीत?"

"हं."

"जरा सावकाश काम केलंत तर गोदाम बुडणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"जा आत. उशीर होईल."

संपलं बोलणं. लवंग आत्याबाईपाशी जाऊन गाऱ्हाणं घालायची, "भिंती बांधता बांधता माझा नवरा भिंतच झालाय हो. नाही, भिंत बरी. भिंतीत खिळा तरी ठोकता येतो."

"घाम येतो तर येऊ दे," आत्याबाई म्हणायची. "उबेला आहेस ना?"

"ते मात्र खरं. जाकीट निघालं चांगलं. पहिला तासभर थंडी म्हणून वाजत नाही. काय कापड वापरतात देव जाणे!"

हे एवढं लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

पण माणूस उबेनं जगतो, तसा बोलण्यानंही जगतो. गावाकडं लवंग नळावर जायची तर घागर भरायला पाच मिनिटं आणि परतायला तास लागायचा, इतक्या जणी तिला हाक मारायच्या. इथं दिवसभर तिच्या हातात ते बंदुकीसारखं यंत्र. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर धरलं की ते "टूं" करायचं. लवंग त्यालाच म्हणायची, "ऐकलं गं बाई. बोल, तू तरी बोल."

हिवाळा सरत आला. एक दिवस मुकादमानं तिला बोलावलं. मुकादम त्याच देशाचा, त्याची बोली निराळी. पण लवंगनं बडबडून बडबडून ती कामापुरती आपलीशी केली होती, म्हणून मी आपल्याच बोलीत सांगतो. तो म्हणाला, "तुम्हा दोघांची नावं वर्षाच्या करारात घालायची आहेत. नवरा हो म्हणालाय. तुझं काय ते उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी तिनं विषय काढला. शाल हातातच धरून म्हणाली, "मुकादम विचारतोय, वर्षासाठी राहणार का. काय सांगू?"

गवंडी जाकिटाची चेन लावत होता. ती लागेना. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "तुझं तू बघ."

लवंगनं शाल त्याच्या हातात कोंबली आणि जाकीट ओढून घेतलं. राहा म्हणाला असता तर भांडून भांडून ती राहिली असती. जा म्हणाला असता तरी भांडायला काहीतरी मिळालं असतं. तुझं तू बघ! पाहुण्याला जेवायचं विचारतानाही माणूस याहून आग्रह करतो. त्या दिवशी ती आत्याबाईशी बोलली नाही, यंत्राशीही नाही. मुकादमाला म्हणाली, "उद्या सांगते." मनात मात्र परतीची पिशवी भरून झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती आधीची बस पकडून आली. सगळ्यांसमोर नाही म्हणायला लागू नये, पाळी सुरू होण्याआधीच सांगून मोकळं व्हावं, असा विचार. मुकादम आत होता. ती शाल घट्ट ओढून पट्ट्यांच्या पडद्यातून आत शिरली, आणि जागच्या जागी थबकली.

सकाळच्या पाळीचं काम आटोपलं होतं. माणसं हातमोजे काढून जांभया देत बसलेली. आणि तिचा नवरा एकटा धावत होता. मटारची दोन दोन खोकी एकदम उचलायची, पलीकडच्या फळ्यांवर नेऊन रचायची. सगळी तिकडं गेली, तर तीच पुन्हा उचलून इकडं. तोंड लालबुंद, डोक्यावरून वाफा निघताहेत. कुणी त्याच्याकडं बघतही नव्हतं.

"हे काय चाललंय?" लवंगनं मुकादमाला विचारलं.

"ते होय? रोजचंच आहे," मुकादम म्हणाला. "सुटायच्या आधी हे असं सुरू होतं. पहिल्यांदा मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. झापला त्याला. माल जागेवर आहे, मग उचलतोस कशाला? तर म्हणाला, 'जाकीट तापवतोय. बायको येईल आता.' अख्ख्या हिवाळ्यात हो-नाहीच्या पलीकडं माझ्याशी बोललेलं एवढंच."

लवंगला ते चांगलं कापड आठवलं. भिजलेलं पोतं आठवलं. गळ्यापर्यंत ओढलेली चेन आठवली, आतली ऊब निसटू नये म्हणून ओढलेली. असला आग्रह करणारा माणूस 'राहा' एवढं दोन अक्षरी बोलायला का कचरतो, तेही तिला त्या क्षणी समजलं. ती त्याच्यासाठी म्हणून राहील आणि या बर्फात कुढत बसेल, ही धास्ती होती त्याला.

तेवढ्यात गवंड्याची नजर तिच्यावर गेली. दोन खोकी हातात, खाली ठेवायचंही भान नाही. चोरी पकडल्यासारखा उभा.

मुकादमानं पेन काढलं. "बरं, काय ठरलं तुझं? राहणार की जाणार? राहणार असशील तर कंपनीचं जाकीट मिळेल. माप सांग. सगळ्यात लहान लिहू ना?"

लवंगनं शालीच्या टोकानं नाक पुसलं, नवऱ्याकडं एकदा रोखून पाहिलं, आणि म्हणाली, "राहणार, लिहा. पण माप लहान नको, यांचंच घाला. माझं जाकीट आधी हे घालतात, तापवतात, मग मी घालते. आमच्यात तशीच पद्धत आहे."