सायकल सासूबाईंची, गुडघे माझे

हसायचं असेल तर हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या उजव्या गुडघ्यात आज जो धातूचा सांधा बसवलाय ना, तो हाडं झिजली म्हणून बसवलाय असं डॉक्टर सांगतात. खरं कारण माझी जीभ आहे.

मी एकतीस वर्षं नाशकात मुलींच्या शाळेत पीटीची बाई होते. गळ्यात शिट्टी आणि मैदानभर एकच आरोळी, "गुडघे वर!" एखादी म्हणाली, "बाई, पाय दुखतोय," की माझं उत्तर ठरलेलं, "नाटकं नकोत. एक चक्कर जास्त." एकतीस वर्षांत मी एकाही मुलीच्या पायावर विश्वास ठेवला नाही.

निवृत्त झाले आणि दोन वर्षांत माझेच गुडघे बोलू लागले. जिना उतरताना कडकड आवाज यायचा, शेजारीण दार उघडून बघायची. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "धावणं बंद, उड्या बंद, उकिडवं बसणं बंद. पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची व्यायामाची सायकल घ्या. मांड्या बळकट झाल्या तर गुडघ्यावरचा भार कमी होईल. सहा महिने नेमाने करा, नाहीतर ऑपरेशन."

ऑपरेशनचं तर मला नावच नको होतं. यांना चार वर्षांपूर्वी साध्या ऑपरेशनसाठी नेलं होतं, ते परत आलेच नाहीत. घरात मागे राहिलो आम्ही दोघी, मी आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. मुलगा गेल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवायला उठायच्या, तेवढंच.

तर मी कॉलेज रोडच्या एका दुकानात गेले. ट्रेडमिलवर चालून बघितलं, पावलागणिक गुडघ्याला दणका. उभ्या सायकलवर तर चढायलाच जमेना. शेवटी ती पाठ टेकायची सायकल सापडली. खुर्चीसारखं बसायचं, पाय पुढे सोडायचे आणि गोल फिरवत राहायचं. पाच मिनिटं चालवली आणि काहीही दुखलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या, बाई तुम्ही?"

दुकानाची मालकीण. वैशाली, दहावी ब. पाय मुरगळलेला असताना हिला मी तीन चकरा मारायला लावल्या होत्या. तिला ते आठवत असणार, कारण मलाही आठवत होतं.

"कुणासाठी बघताय, बाई? गुडघे दुखणारे लोक नेतात ही."

आता सांगा, हिच्यासमोर काय बोलणार होते मी?

"सासूबाईंसाठी," मी म्हटलं. "माझे गुडघे ठणठणीत आहेत." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तिथल्या तिथे दोन बैठका मारून दाखवल्या. दुसरीतून वर कशी आले ते माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी टेम्पोबरोबर वैशाली स्वतः घरी हजर. "आजी कुठेत? सीट त्यांच्या मापाने लावून देते." मी दारात अडवेपर्यंत ती आतल्या खोलीत पोचलीसुद्धा. "आजी, बघा तरी. तुमच्या सूनबाईंनी तुमच्यासाठी काय घेतलंय!"

सासूबाई भिंतीकडून वळल्या. छत्तीस वर्षांत त्यांनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं आणि मीही त्यांना तशी संधी दिली नव्हती.

"माज्यासाठी?" त्या म्हणाल्या. "पोरगा गेला तवा वाटलं, आता मी कोनालाच नको." आणि त्या रडायला लागल्या.

तुम्ही असतात तर सांगितलं असतं? मी मान हलवली आणि चहा ठेवायला गेले. ओट्याशी उभी राहून मीही रडले, पण का ते तेव्हा नीट कळलं नाही.

सासूबाई मूळच्या घोटीच्या, आयुष्यभर भाताच्या खाचरात राबलेल्या. एकदा हातात घेतलेलं काम त्या सोडत नाहीत. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. महिन्याभरात भिंतीकडे बघणं बंद झालं. दुसऱ्या महिन्यात त्या काठी न घेता खालच्या मारुतीला जाऊन आल्या. दसऱ्याला लोक गाड्यांना हार घालतात ना, तसा त्यांनी सायकलला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, "माजं वाहन हाय हे."

एक सायकल दोघींना पुरली असती, म्हणाल तुम्ही. पुरली असती की. पण त्यासाठी "मलाही दुखतंय" असं म्हणावं लागलं असतं, आणि मग पुढचं सगळंच बाहेर आलं असतं. एका दुपारी त्या झोपल्यावर मी हळूच जाऊन बसले. दहा फेरे झाले नाहीत तोच त्या दारात उभ्या. मी पदराने हँडल पुसू लागले.

"धूळ पुसतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "किती करशील माजं."

सहा महिने संपले. एका सकाळी दूध घेऊन येताना पायरीवर गुडघ्याने दगा दिला आणि मी पिशवीसकट खाली आले. पुढे काय झालं ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. टेबलावर झोपवलं तेव्हा मला फक्त हेच दिसत होतं, की यांनाही असंच नेलं होतं. एका खोट्यापायी आपण मरणार, आणि सासूबाई परत भिंतीकडे वळणार.

मेले नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. शुद्धीवर आले तर समोर सासूबाई, हातात डबा. लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्याने आल्या होत्या.

घरी आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, सायकल चालवा. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दुसरी आनू. दोघी समोरासमोर बसू." मी म्हटलं, "आई, ऑनलाइन मागवू." त्या म्हणाल्या, "बसून बघितल्याबिगर घ्यायची नाय." आणि रिक्षा थांबली ती नेमकी वैशालीच्या दुकानासमोर.

मी वॉकर टेकत आत गेले. चार गिऱ्हाइकं होती, त्यातल्या दोघी माझ्याच शाळेच्या निघाल्या.

"आजी! सायकल कशी चाललीय?" वैशालीने विचारलं.

"लय भारी," सासूबाई अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आता हिच्यासाठी दे. वय बासष्ट, वजन ब्याऐंशी. उजवा गुडघा नवा बसवलाय, डावा बी गेलाय. दोन वरसं लंगडत व्हती, मला काय दिसत नाय का? पन बाईनं आधी मला सायकल आनली. सोताला नाय घेतली."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. त्या दोन बैठका तिला आठवल्या असणार. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं. तिने सायकल ओढून पुढे आणली आणि मला धरून बसवलं.

पायडल अर्ध्यावर आलं आणि नवा गुडघा अडला.

"वैशाली," मी म्हटलं, "दुखतंय गं." आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत म्हटलं.

ती खाली बसली, माझं पाऊल पट्ट्यात नीट अडकवलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "नाटकं नकोत, बाई. गुडघे वर."